देवाच्या पेटीतले तोडे

मी थोरल्या दिरांना क्षमा केलेली नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटाला कुणी माझ्याकडं आशेनं बघायला नको. लोक म्हणतात, आता वय झालं, सोडून द्या. वय माझं झालंय, माझ्या रागाचं नाही. तो अजून सकाळी माझ्या आधी उठतो.

राग आहे तोड्यांवरून. माझ्या आईच्या पायातले चांदीचे तोडे. पोकळ, जाडजूड, आत खडे घातलेले, त्यामुळं चालताना वाजायचे. चांदी काही लय शुद्ध नव्हती. मेंढरामागं हिंडणाऱ्या बाईला शुद्ध चांदी कोण देतो? बरंचसं तांबं होतं त्यात. पण आवाज असा खणखणीत, की आई माळावर कुठं आहे ते आम्हा पोरांना घरात बसून कळायचं.

माझं माहेर माण तालुक्यातलं. दिवाळी झाली की आई-बाप मेंढरं घेऊन खाली कोकणात उतरायचे, कोयनानगरच्या बाजूनं, घाटातून. एका वर्षी घाटातच जमीन हलली. त्या भागाला ते नवं नाही, पण मेंढरं बिथरली आणि वरनं एक धोंडा गडगडत आला तो थेट आईच्या पायावर. तोडा चेंबला, पाय वाचला. तेव्हापासून उजव्या तोड्याला अंगठा मावेल एवढा खळगा पडलेला होता. सोनारानं ठोकून सरळ करतो म्हटलं तर आई त्याच्या अंगावर धावून गेली. म्हणाली, "त्यो खळगा हाय म्हून मी दोन पायांवर हुबी हाय. हात लावशील तर बग." मरायच्या आधी तिनं ते तोडे स्वतःच्या हातानं काढले आणि घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळून माझ्याकडं दिले. भावांना शेत मिळालं, मला तोडे. मला एका पैशाचं वाईट वाटलं नाही.

लग्नात तिनं मला मेंढ्याही दिल्या होत्या. माझं सासर आटपाडीच्या अंगाला, उघड्या माळावरचं. निम्म्या घरानं मेंढरं राखायची आणि निम्म्या घरानं गलाईला जायचं, ही आमच्याकडची रीत. गलाई म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं काम. देशातल्या कुठल्याही सराफकट्ट्यावर जा, मागल्या बोळात भट्टी पेटवून बसलेला माणूस आमच्या बाजूचा निघतो. माझे मालक असेच दूर दक्षिणेत एका भट्टीवर. थोरले दीर पण तिकडंच होते, पण ते दुकानाचे मालक झाले, पैसा घेऊन गावी परत आले, आणि यात्रा कमिटीचे अध्यक्ष झाले. आमचं एकत्र घर. कर्ते तेच.

थोरल्यांना बोलायची लय हौस. संध्याकाळी देवळाच्या कट्ट्यावर बसायचं आणि चार माणसं जमली की सुरू. विषय ठरलेला, नोटा. "सरकारनं नोट सोन्यापासनं सोडवली आन् तिथंच घोळ झाला," म्हणायचे. "नोट म्हंजे वचन. वचनामागं वजन पायजे. सोनं न्हाईतर चांदी. एकदा का तिच्यामागं वजन ऱ्हायलं न्हाई, की ती नोट बी शेळीनं खाल्ली काय आन् माणसानं ठेवली काय, सारखंच." हे वाक्य त्यांनी कुठून उचललं होतं देव जाणे, पण रोज एकदा त्याचा उच्चार झाल्याशिवाय त्यांना भाकर गोड लागायची नाही. लोक माना डोलवायचे. आयुष्यभर सोनं गाळलेला माणूस, त्याला कोण खोटं पाडणार?

त्यांच्या मनात एक मोठी गोष्ट होती. गावदेवाला चांदीचं मखर करायचं. देव लाकडी मखरात बसलेला, आणि पंचक्रोशीतले बाकीचे देव चांदीत, हे त्यांना फार लागायचं. मग प्रत्येक घरानं चांदी द्यायची असं ठरलं. जोडवी, पैंजण, करंडे, मोडकी निरंजनं, जे असेल ते. ती सगळी देवळातल्या लोखंडी पेटीत जमा व्हायला लागली. मखर अजून झालंही नव्हतं, तर थोरल्यांनी संगमरवराची पाटी आधी बसवली. "चांदीचे मखर देवास अर्पण", खाली त्यांच्या वडिलांचं नाव, त्याखाली त्यांचं. गावाचं नाव पण होतं, पण बारीक.

त्याच दिवसांत मी लेकीच्या बाळंतपणाला मेढा गावी गेले. जावई तिकडं शाळेत मास्तर. परत आले, ट्रंक उघडली, तर घोंगडीचा तुकडा होता आणि आत काही नव्हतं.

जाऊबाईंना विचारलं. त्या पदराला गाठी मारत बसल्या. म्हणाल्या, "ह्यांनी देवाला दिलं. घरातलं चांदीचं काय असंल ते देऊया म्हणून तुज्या मालकास्नी फोन लावला व्हता. ते बरं म्हणले."

मी मालकांना फोन केला. ते म्हणाले, "मला काय ठावं त्यात तोडे हायेत? दादा म्हणला घरातली चांदी, मी म्हणलं बरं." बरं! आयुष्यात या माणसानं थोरल्या भावाला 'बरं' सोडून दुसरा शब्द ऐकवला नाही. आणि थोरल्यांनी काय केलं? हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवलं. स्वतःच्या बायकोचा वजनदार कमरपट्टा कपाटात तसाच राहिला, माझ्या आईच्या पायातलं देवाला गेलं, आणि पाटीवर नाव त्यांचं.

मी त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले. "भावजी, तोडे माझ्या आईचं हायेत. त्यांच्या बदल्यात दुसरी चांदी घाला, माझे पैंजण घ्या, पण तोडे द्या."

त्यांनी वर पाहिलंही नाही. "देवाला दिल्यालं परत मागतीस? जिभंला हाड हाय का न्हाई?"

बस. माणसानं स्वतःसाठी घेतलं असतं तर भांडले असते, चावडीत नेलं असतं. देवाच्या पेटीतलं कोण परत मागणार? मी चारचौघांत मागितलं असतं तर सगळं गाव मला खायला उठलं असतं. हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मी दोन वर्षं रोज देवाला हात जोडत होते आणि रोज त्याच्या शेजारच्या पेटीकडं बघत होते. त्या दोन वर्षांत मी देवाकडं एकच मागणं मागितलं, आणि ते चांगलं मागणं नव्हतं.

मग मोठ्या नोटा बंद झाल्या.

आमच्या यात्रेत मेंढरांचा मोठा बाजार भरतो. कृष्णाकाठचे उसवाले येतात, कुंडल-पलूसकडचे. त्यांना मेंढरं पाळायची नसतात, पण यात्रा-जत्रांना, लग्नाला, नवसाला लागतात, आणि आमच्या माळावरचं मेंढरू चवीला वेगळं असं ते म्हणतात. त्या वर्षी यात्रा तोंडावर आणि कुणाच्या हातात पैसा नाही. बँकेपुढं रांगा, दोन दिवस उभं राहावं तेव्हा चार नोटा मिळायच्या. उसवाल्यांच्या खात्यात कारखान्याची बिलं पडून होती, पण मेंढरवाला चेक घेऊन करणार काय? त्याचं खातंच नाही. मालकांची भट्टी पण बसली. सराफकट्टे ओस पडले म्हणून ते गावी आले आणि अंगणात बसून राहायला लागले.

थोरल्यांना तर अंगात आल्यासारखं झालं. जन्मभर ज्यासाठी वाट बघितली तो दिवस आला होता. देवळात बैठक बोलावली. म्हणाले, "सरकारचा कागद कागदच निघाला का न्हाई? आता आपण दावू नोट कशी असती ती."

त्यांची योजना अशी. उसवाल्यानं कमिटीला चेक द्यायचा. कमिटी त्याला चिठ्ठ्या देणार, शिक्का मारलेल्या, थोरल्यांची सही असलेल्या. एका चिठ्ठीवर देवाच्या पेटीतली एक तोळा चांदी. उसवाला ती चिठ्ठी मेंढरवाल्याला देणार, मेंढरवाला किराणा दुकानात, गिरणीत, कुठंही चालवणार. पुढं बँकेतून नोटा आल्या की चिठ्ठी देऊन नोटा घ्यायच्या. "आन् कुणाला नोट नगं असंल," थोरले छाती पुढं काढून म्हणाले, "त्यानं चिठ्ठी आणावी आन् चांदी घिऊन जावं. ज्याच्या हातात चिठ्ठी, त्याची चांदी. देवाच्या साक्षीनं सांगतो."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी बायकांत बसले होते. मला टाळी वाजवायचं सुचलं नाही. एकच वाक्य डोक्यात घुमत होतं. ज्याच्या हातात चिठ्ठी, त्याची चांदी.

चिठ्ठ्या लगेच चालायला लागल्या. दुकानदार नको म्हणायचा नाही, गिरणीवाला नाही म्हणायचा नाही. सगळे म्हणायचे, यामागं देवाची चांदी आहे, बुडायचं कसं? खरं सांगायचं तर चांदी बघायला कुणी पेटीजवळ गेलंच नाही. चिठ्ठीमागं चांदी होती आणि चांदीमागं देवाची भीती. देवाची चांदी घरी कोण नेणार? पोरंबाळं आहेत प्रत्येकाला. थोरल्यांनी हे सगळं धरूनच हिशेब मांडला होता. पेटी कधी उघडावी लागणारच नाही, असा.

मी मात्र पुन्हा एकदा त्यांच्यापुढं गेले. सरळ मागून बघावं म्हटलं. आपण एकदा सरळ वागावं, मग पुढं काय व्हायचं ते होऊ दे.

"भावजी, पेटी आता उघडणार असंल, तर माझ्या आईचे तोडे मला द्या. वजनाला वजन देते."

ते सुपारी कातरत होते. अडकित्ता थांबवला नाही. "चिठ्ठी आण," म्हणाले आणि हसले. "चिठ्ठीबगर देवाच्या पेटीतली गुंजभर बी बाहेर येनार न्हाई. तुला काय, मला बी न्हाई."

असं हसले, की माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, थांब लेका. चिठ्ठीच पाहिजे ना? आणते.

माझ्याकडं विकायला एकच गोष्ट होती. आईनं दिलेल्या मेंढ्यांचं खांड दुष्काळात झडत झडत पाच-सहा मेंढ्यांवर आलं होतं. पण त्या आईच्याच मेंढ्यांच्या लेकी-नाती. मी त्यांना बाजारात नेलं. कुंडलच्या एका उसवाल्यानं त्या बघितल्या, पाठीवर हात फिरवला, दर केला. मी घासाघीस केली नाही. एवढंच म्हटलं, "मला फकस्त चिठ्ठ्या पायजेत. किराणा बी नगं, उधार बी नगं." तो म्हणाला, "मावशी, चिठ्ठ्याच देतो की, दुसरं हाय काय माझ्याकडं?" मेंढ्या टेम्पोत चढेनात. पुढं चढलेली एक मागं वळून ओरडायला लागली तशा बाकीच्या पण. मी तिथनं लगेच निघाले.

तोड्यांचं वजन मला ठाऊक होतं. तेवढ्या चिठ्ठ्या झाल्या, वर थोड्या उरल्या. त्या सगळ्या मी कनवटीला लावल्या आणि यात्राभर तशाच अंगाला ठेवल्या. झोपताना पण.

यात्रा संपली की दुसऱ्या दिवशी पाकाळणी. देऊळ धुवायचं, देवाला अंघोळ घालायची, भांडी चिंचेनं घासायची. सगळं गाव असतं. थोरले पेटीजवळ गादी टाकून बसले होते, शेजारी काटा. बँकेतून थोड्या नोटा आल्या होत्या आणि लोक चिठ्ठी देऊन नोट घेत होते. माझे मालक खांबाला टेकून उभे होते. मी रांगेत उभी राहिले. माझी पाळी आली तशी चिठ्ठ्या गादीवर ठेवल्या.

"नोटा घे," थोरले म्हणाले आणि मोजायला लागले.

"नोटा नगं. चांदी द्या."

मागं कुणीतरी "अगं बया" म्हणालं. भांडी घासायचा आवाज थांबला. थोरल्यांनी आता मात्र वर बघितलं.

"देवाची चांदी घरी नेतीस?"

"तुमीच म्हणला की वो, ज्याच्या हातात चिठ्ठी त्याची चांदी. देवाच्या साक्षीनं म्हणला. का त्यो साक्षीदार बी तुमचा घरचाच हाय?" मला माझाच आवाज ऐकू येत होता. "आन् कुठली चांदी, त्ये बी सांगते. माझ्या आईचे तोडे. उजव्याला खळगा हाय. काढा."

मला वाटलं होतं त्यांचा चेहरा उतरेल. दोन वर्षं मी तोच चेहरा डोळ्यापुढं आणून झोपत होते. पण ते हसले. तेच हसू, अडकित्त्याच्या वेळचं. त्यांनी कुलूप काढलं आणि पेटी माझ्याकडं वळवली.

आत तोडे नव्हते. जोडवी नव्हती, पैंजण नव्हते, निरंजनं नव्हती. आल्याच्या वड्या थापाव्यात तशा पांढऱ्याशुभ्र वड्या होत्या, एका मापाच्या, ओळीनं लावलेल्या.

"तोळ्याला तोळा द्यायचा तर चांदी एका कसाची पायजे," थोरले सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाले. "कुणाचं तांबं, कुणाचं जस्त. गाळून घेतली समदी. घे की. निवडून घे. तुजी आई वळखू येती का बग."

मी मालकांकडं बघितलं. गावात गलाईचं काम येणारी आणि त्या वेळी मोकळी बसलेली माणसं किती होती? त्यांनी मान खाली घातली. यात्रेच्या आधी दोन दिवस ते "देवाची चांदी साफ करायचीय" म्हणून देवळामागं जात होते. मी त्यांचा डबा स्वतः बांधून दिला होता.

तिथं मी रडले असते तर थोरले जिंकले असते. मी रडले नाही. काट्याकडं बोट केलं. "वजन करा." त्यांनी एक एक वडी काट्यात टाकली. मी एक एक उचलून पदरात घेतली. आईची मेंढरं दिली होती, आणि बदल्यात मला आईचं काहीच मिळालं नव्हतं. पदर जड झाला तसं माझं डोकं स्वच्छ झालं. म्हटलं, याला एकच भीती आहे, पेटी रिकामी व्हायची. मग तीच होऊ दे.

मी बायकांकडं वळले. चिंचेनं हात भरलेल्या सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. त्यातली एकही अशी नव्हती, की जिचं काहीतरी त्या पेटीत गेलं नव्हतं, आणि एकीलाही कुणी विचारलं नव्हतं.

"बायांनो," मी म्हटलं, "तुमचे पैंजण, तुमच्या आयांची जोडवी, समद्यांच्या ह्या वड्या झाल्यात. तुमच्या घरात बी चिठ्ठ्या हायेत. नोट घ्यायची का चांदी, तुमचं तुमी बगा. मी घेतली. देवानं माझा हात मोडला न्हाई."

आणि पदर सावरून पायऱ्या उतरले.

दुपारी पहिली आली ती माझी शेजारीण. मग तिची नणंद. मग एक म्हातारी नातवाचा हात धरून. भीती एकीची मोडली की बाकीच्यांची मोडायला किती वेळ लागतो? बाप्ये आधी घरी बायकांना दटावत होते, मग तेच बायकांच्या मागनं रांगेत येऊन उभे राहिले. नोट परत बंद झाली तर काय करता, चांदी बरी. हे त्यांना कुणी शिकवलं होतं? थोरल्यांनीच की, रोज संध्याकाळी, कट्ट्यावर बसून. सकाळी चिठ्ठी देऊन नोट घेऊन गेलेले पण नोट परत देऊन चांदी घेऊन गेले. दिवस मावळायच्या आत पेटीचं बूड दिसलं.

एक गोष्ट मला कबूल करावी लागते, आणि ती करताना माझे दात आवळतात. हिशेबात एका गुंजेचा घोळ निघाला नाही. पेटीत जेवढी चांदी, तेवढ्याच चिठ्ठ्या त्यांनी काढल्या होत्या. शेवटची वडी गेली आणि शेवटची चिठ्ठी आली. मी त्यांना चोर ठरवायला टपले होते, तेवढं मात्र देवानं माझ्या पदरात घातलं नाही. संध्याकाळी थोरल्यांनी सगळ्या चिठ्ठ्या देवळापुढं एका घमेल्यात घालून सगळ्यांसमोर पेटवल्या. "एक बी चिठ्ठी बाहेर ऱ्हायली न्हाई," असं ओरडून सांगितलं. आवाज बसला होता. मी पुढच्या ओळीत उभी होते.

घरी आल्यावर मालक भिंतीकडं तोंड करून म्हणाले, "तोडे मी बाजूला ठेवलं व्हतं गं. दादा म्हणला, आधी तेच घाल. समोर बसून ऱ्हायला इरघळंपातूर." म्हणजे मी मागायला गेले म्हणूनच ते आधी गेले. मी गप्प बसले असते तर कदाचित पेटीच्या तळाला राहिले असते.

मालकांशी मी पुढच्या पाडव्यापर्यंत बोलले नाही. भाकरी वाढली, कपडे धुतले, बोलले नाही. मग एक दिवस सगळ्या वड्या त्यांच्या पुढ्यात ठेवल्या. "विट्याच्या सोनाराकडं जावा. तोडे करून आणा. आवाज तसाच आला पायजे." त्यांनी करून आणले. मी घालून अंगणात चालले. आवाज मेला होता. "तांबं घालून आणा," म्हटलं. ते परत गेले. परत आणले. जरा बरे वाजले, पण आई नव्हती त्यात. "परत जावा." ते इतक्या वेळा विट्याला गेले, की तो सोनार शेवटी शेवटी त्यांना बघून दार लावून घ्यायला लागला. माझ्या माणसाला भट्टीवर आयुष्य काढूनही ठाऊक नव्हतं की चांदीतलं काय जळून गेलं. ते शेवटी रडले. मग मी थांबले.

ते तोडे मी रोज घालते. आमच्या घराच्या वाटण्या झाल्या, पण आडाची वाट थोरल्यांच्या ओसरीवरून जाते. पाणी नळानं येतं आता, तरी मी आडावर जाते. दिवसातून जितक्या वेळा मला वाटेल तितक्या वेळा. ओसरीवर आल्यावर पाय जरा दाबून टाकते. जाऊबाई एकदा म्हणाल्या, "अगं, त्यास्नी दुपारचं झोपू तरी दे." मी म्हटलं, "झोपू द्या की. मी कुठं बोलतीया?"

मखर झालं नाही. चिठ्ठ्यांचे चेक वटले, कमिटीच्या खात्यात पैसे होते, एका पैशाची खोट नव्हती. पण थोरले भाव पडायची वाट बघत बसले. चांदी काय, परत घेऊ, थोडी उतरू दे. चांदी त्यांच्या मनासारखी उतरली नाही. दर वर्षी पैसे तेवढेच आणि चांदी लांब लांब. ज्यांनी आयुष्यभर गावाला सांगितलं की कागदावर भरोसा ठेवू नका, त्यांनी देवाची चांदी दिली आणि कागद सांभाळत बसले. गेल्या वर्षापासून तर चांदीला हातच लावायला नको असा भाव झालाय. देव लाकडातच आहे. आणि समोर संगमरवराची पाटी, "चांदीचे मखर देवास अर्पण", खाली त्यांचं नाव. यात्रेला येणारी पोरं पाटी वाचतात, आत बघतात, आणि हसतात. त्या हसण्यासाठी मी पाकाळणीला अजूनही सगळ्यात आधी जाते.

यंदा यात्रेच्या आधी थोरले माझ्या दारात आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्यांचा एक हात आता उचलत नाही, काठी घेऊन चालतात. उंबऱ्याशी थांबले. मी आत या म्हटलं नाही, बसा म्हटलं नाही.

"धाकटे," म्हणाले, "माझं आता लय दीस न्हाई ऱ्हायलं. मखराला सुरवात तरी झाल्याली बघून जावं म्हणतो. मी हिचा कमरपट्टा दिलाय. पण पयली चांदी तुजी पायजे. तू दिलीस की बायका देतील, गाव देईल. तुज्यामुळं गेली, तुज्यामुळंच येईल." मग थांबले. धाप लागली होती. "पाटी बदलतो. माझं नाव काढतो. तुज्या आईचं नाव घालतो. वरच. मोठ्या अक्षरात."

खोटं कशाला सांगू, क्षणभर द्यावंसं वाटलं. माझी आई सही करायची नाही, अंगठा उठवायची. तिचं नाव सातबाऱ्यावर नाही, रेशन कार्डावर बापाच्या खाली. ते दगडात कोरलेलं, देवाच्या समोर, येणारा-जाणारा वाचणार. मी खाली बघितलं. उजव्या पायातला तोडा गुळगुळीत होता. खळगा असायला पाहिजे होता तिथं काही नव्हतं. मी अंगठ्यानं ती जागा चाचपली.

"देते की," मी म्हटलं.

त्यांचा चेहरा उजळला. म्हातारपणी चेहऱ्यावर काही लपत नाही.

"चिठ्ठी आणा," मी म्हटलं. "चिठ्ठीबगर गुंजभर बी न्हाई. तुमाला काय, देवाला बी न्हाई."

त्यांना उमजायला जरा वेळ लागला. पण उमजलं. तेव्हा मला तो चेहरा बघायला मिळाला, जो पाकाळणीला मिळाला नव्हता.

"चिठ्ठ्या तर मीच जाळल्या," ते हळूच म्हणाले.

"व्हय," मी म्हटलं. "मी पुढंच हुबी हुते, भावजी. धग लागली मला."